गोंगाटाच्या वर्गात ऐकताना अडखळणारी मुले : या चुका टाळा

अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण) असलेल्या मुलाची श्रवणचाचणी ‘नॉर्मल’ आली की पालक आणि शिक्षक दोघेही निश्चिंत होतात, आणि मग वर्गात त्याने एखादी सूचना अर्धवट पाळली की खापर त्याच्या वृत्तीवर फुटते. ही चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, शांत, ध्वनिरोधक खोलीत होते. तिथे एकेक सूर किती हळू असला तरी ऐकू येतो हे कळते, पण पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातले पाढे यांतून बाईंचे वाक्य मुलाला वेगळे काढता येते का, हे कळत नाही. म्हणून श्रवणतज्ज्ञांकडे गोंगाटातील बोलणे ऐकण्याची चाचणी स्वतंत्रपणे मागावी. अशा प्रत्येक मुलाला हा त्रास असतोच असे नाही, आणि वारंवार सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचले आहे का, हे आधी पाहावे.

दुसरी चूक आवाज चढवण्याची. ओरडून बोलल्याने स्वरांना जोर येतो, व्यंजनांना तेवढा येत नाही. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला फरक मात्र व्यंजनातच असतो. त्यापेक्षा जवळ जावे, कारण मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. मुलांसाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वरचढ असावा, अशी शिफारस केली जाते.

पहिल्या बाकावर बसवले म्हणजे काम झाले, हा समजही तपासून पाहावा. तो बाक दाराशी किंवा पंख्याखाली असेल तर फायदा उरत नाही. शिवाय शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा ओठ दिसत नाहीत, आणि मागच्या मुलांची उत्तरे तर पुढच्याला नीट ऐकूच येत नाहीत, ती शिक्षकांनी पुन्हा सांगावी लागतात. बाक सरकवतानाचा आवाज कमी व्हावा म्हणून त्यांच्या पायांना रबरी बूच लावणे हा स्वस्त आणि विनाकारण दुर्लक्षिलेला उपाय आहे. शिक्षकांच्या मायक्रोफोनमधून आवाज थेट मुलाच्या कानातील रिसीव्हरपर्यंत नेणारी यंत्रणाही मिळते, मात्र ती श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावी.

श्रुतलेखनातील प्रत्येक चूक शुद्धलेखनाची धरू नये. तोच शब्द शांत खोलीत पुन्हा सांगून पाहावा. आणि ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण मूल मान डोलावते. ‘आता काय करायचं आहे, ते तू सांग’ असे म्हणावे.