ट्रेलर ओढायला डिझेल पिकअप घेताय? या चुका टाळा

आमच्याकडे कोलोरॅडोत गणपतीच्या पंगतीत दरवर्षी कुणीतरी मला गाठतंच. "फिफ्थ व्हील घ्यायचं ठरलंय. ट्रक कोणता घेऊ? फोर्ड, रॅम की शेव्ही (शेव्हरोले)?" फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीला अडकणारा मोठा कॅम्पिंग ट्रेलर. अमेरिकेत आलेला आपला माणूस मुलं जरा मोठी झाली की कॅम्पिंगच्या मागे लागतो, आधी भाड्याचा आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी), मग स्वतःचा ट्रेलर, आणि मग हा प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या ट्रकवर नजर आहे, त्याचा चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा आणि तिथलं पिवळ्या पट्टीचं स्टिकर वाचा.

सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होते. जाहिरातीत दिसतो तो ओढण्याचा कमाल आकडा, १८ हजार पौंड, २० हजार पौंड, मागे दोन्ही बाजूंना चाकांची जोडी असलेल्या ट्रकांत तर ३५ हजारांच्याही वर. पण तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वात अनुकूल जुळणीचा असतो, तुमच्या समोर उभ्या असलेल्या ट्रकचा नव्हे. मागच्या अ‍ॅक्सलचा गियर रेशो ३.५५ ऐवजी ४.३० असला, कॅब लहान असली, दोनच चाकं चालवणारी गाडी असली, की आकडा बदलतो. शिवाय हे आकडे ठरवताना ट्रकमध्ये चालक आणि शेजारी एक जण, दोघंही १५० पौंडांचे, एवढंच धरलेलं असतं. मागच्या सीटवरची मुलं, आजी-आजोबा, कूलर, सायकली, कुत्रा यातलं काही त्यात नाही.

स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. ट्रेलर मागून ओढला जात असला तरी त्याचा काही भार ट्रकच्या अंगावर बसतोच. साध्या हिचवर (ट्रकच्या मागच्या जोडणीवर) लावलेल्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के, आणि फिफ्थ व्हीलचा साधारण २० टक्के, कधी त्याहून जास्त. आता हिशोब करून बघा. १२ हजार पौंडांचं फिफ्थ व्हील. पिनवर, म्हणजे हिचमध्ये बसणाऱ्या त्याच्या खुंटीवर, आले २,४०० पौंड. हिच स्वतः २०० पौंडांच्या आसपास. चार माणसांचे ६००. झाले ३,२००. आणि २५०० (रॅम, शेव्ही) किंवा एफ-२५० (फोर्ड) वर्गातला, चारही चाकं चालवणारा, क्रू कॅबचा (चार दरवाज्यांचा), चामड्याच्या सीट आणि सनरूफवाला डिझेल ट्रक असेल तर स्टिकरवर बऱ्याचदा २,३०० च्या आसपासच सापडतं. म्हणजे ओढायची ताकद भरपूर, पण पाठीवर घ्यायची नाही.

इथे एक गोष्ट फार जणांना पटायला वेळ लागतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड असतं. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांचं एकूण अनुज्ञेय वजन १० हजार पौंडांवर बांधलेलं असतं, त्यामुळे इंजिन जड झालं की तेवढा पेलोड कमी होतो. तोच ट्रक डिझेलमध्ये घेतलात तर ओढतो जास्त आणि वाहतो कमी. मोठं फिफ्थ व्हील घ्यायचं असेल तर सरळ वरच्या वर्गातला ३५०० किंवा एफ-३५० बघा. किमतीतला फरक डिझेल घेण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

मग कंपन्यांची तुलना करायचीच नाही का? करा, पण टॉर्कच्या (इंजिनाच्या पीळ देणाऱ्या जोराच्या) आकड्यांवर रात्री जागवू नका. २०२५ च्या मॉडेलांत फोर्डचं ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक ४७५ हॉर्सपॉवर आणि १,०५० पौंड-फूट टॉर्क देतं, त्याचं हाय आउटपुट रूप ५०० आणि १,२००. रॅममधलं कमिन्स सहा सिलिंडरचं, एका ओळीतलं, ४३० आणि १,०७५. शेव्ही आणि जीएमसीचं ६.६ लिटर ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५. तिन्ही ओढतात, आणि १२ हजार पौंडांसाठी तिन्ही पुरून उरतात. मी स्वतः आरशांची नजर, मागच्या कॅमेऱ्यांची सोय, इंधन टाकीचा आकार आणि घराजवळ चांगला डिझेल मेकॅनिक कुठल्या कंपनीचा आहे, या गोष्टींना जास्त मार्क देतो.

आणि एक्झॉस्ट ब्रेकला, म्हणजे एक्झॉस्टचा धूर अडवून इंजिनाकरवी गाडीचा वेग रोखणाऱ्या सोयीला. टेस्ट ड्राइव्हला जाताना सगळे चढाचा विचार करतात. चढात डिझेलची मजा आहेच. आमच्या कोलोरॅडोतला आयसेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद जाते, टर्बो डिझेलला ती उणीव फारशी जाणवत नाही. पण खरी परीक्षा उतारात असते. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग मैलोन् मैल ७ टक्क्यांच्या आसपासचा उतार, कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प. पहिल्या वर्षी मी तिथे पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलो. निम्म्या वाटेत जळका वास आला. सिल्व्हरथॉर्नला थांबून पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर फुटभर अंतरावरून झळ लागत होती. ट्रेलरची चाकं मात्र जेमतेम कोमट. ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, मी इतका कमी ठेवला होता की ट्रेलर थांबायला काहीच मदत करत नव्हता, सगळं ओझं ट्रकच्या ब्रेकवर. सोबत मुलं होती. तो वास मी विसरलेलो नाही.

घाटात ज्या गियरमध्ये चढायचं त्याच गियरमध्ये उतरायचं, हे आपल्याकडे खंबाटकीच्या ड्रायव्हरला शिकवावं लागत नाही. इथे त्यासाठी टो-हॉल मोड (ओढताना गियर बदलण्याची पद्धत बदलणारी कळ) आणि एक्झॉस्ट ब्रेक आहे. उतार सुरू होण्याआधी दोन्ही चालू करा, वेग आधीच कमी करा. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा आणि सोडा, सतत घासत ठेवू नका. रस्ता बर्फाळ असेल तर मात्र एक्झॉस्ट ब्रेक जपून. मागची चाकं घसरू शकतात. गेन ठरवायला रिकाम्या सपाट जागेत २०-२५ मैलांच्या वेगाने कंट्रोलरवरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून बघा. चाकं लॉक झाली तर कमी करा, ट्रेलर नुसताच मागून ढकलत असेल तर वाढवा.

ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर ट्रकचा ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरची ती कळ हाताने दाबा. कारण बहुतेक वेळा सामानात असतं: सुमारे ६० टक्के वजन ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या पुढे हवं, आणि पाण्याची भरलेली टाकी मागे असेल तर तिचाही हिशोब धरा.

छोट्या बेडचा ट्रक फिफ्थ व्हीलसाठी घेतला असेल तर सरकणारा हिच लावा, नाहीतर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेला भिडतो.

डिझेलचे स्वतःचे नखरेही आहेत. आठवडाभर शाळेपर्यंतच्या दोन मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्या ट्रकमध्ये एक्झॉस्टचा फिल्टर नीट तापतच नाही, काजळी साठते आणि वॉर्निंग येत राहते. वर्षातून दोनदाच ओढणार असाल तर पेट्रोल घ्या, मी मनापासून सांगतो. निळ्या झाकणाच्या टाकीत डीईएफ (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा द्रव), दुसरीत डिझेल. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्ली फिरवू नका, ट्रक टो करून न्या. पंपावर हिरवा नोझल म्हणजे डिझेल असं धरून चालू नका, बीपीच्या पंपांवर हिरवा नोझल पेट्रोलचा असतो.

ट्रेलर घरी आला की सामान, पाणी, माणसं सगळं भरून हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाट्यावर जा. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. पावती घ्या. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक परत काट्यावर आणा. दोन्ही पावत्यांतल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचा खरा पिनवरचा भार. पहिल्या पावतीतलं मागच्या अ‍ॅक्सलचं वजन दरवाज्यावर लिहिलेल्या त्याच्या कमाल मर्यादेशी ताडून बघा. माझ्या पहिल्या पावतीत ते ३४० पौंडांनी जास्त निघालं होतं, आणि पुढच्या ट्रिपला निम्मा स्वयंपाकघराचा पसारा घरीच राहिला.