खावटी किती बसेल? आकडा ठरतो तो असा

सातारा-सांगलीकडे पोटगीला अजूनही सर्रास ‘खावटी’ म्हणतात आणि कोर्टाच्या आवारात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती बसेल? पहिल्याच भेटीत कोणी छातीठोक आकडा सांगितला, तर जरा सबुरीने घ्या. कायद्यात तसा तक्ताच नाही. ‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हे जे गावभर ऐकू येते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून आले. गंमत अशी, की त्याच प्रकरणात नवऱ्याचे दुसरे लग्न झालेले होते, मूल होते, म्हणून न्यायालयाने २३,००० ची पोटगी २०,००० वर आणली. हातात येणारा पगार होता ९५ हजारांच्या पुढे. म्हणजे पंचवीस टक्के तिथेही पुरते मिळाले नाहीत.

आधी ठरवा, अर्ज कशाखाली

घटस्फोटाचा दावा चालू असताना दरमहा रक्कम आणि कोर्टखर्च हवा असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम २४. दाव्याचा निकाल होताना किंवा त्यानंतर कायमची पोटगी हवी तर कलम २५. या दोन्हींखाली नवराही मागू शकतो. घटस्फोट नकोच, फक्त खर्च हवा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. १ जुलै २०२४ आधीचे ‘एकशे पंचवीस’, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, ते हेच. त्याला धर्माची अट नाही. छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही आर्थिक मदत मागता येते.

पत्नी राहते त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज चालतो. नवरा गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात असला आणि ती माहेरी विट्याला असली, तर अर्ज विट्याला. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही.

दोन-तीन अर्ज एकदम टाकले म्हणून खावटी दुप्पट-तिप्पट होत नाही. आधीच्या अर्जाची आणि हुकमाची माहिती नव्या अर्जात द्यावीच लागते, आणि आधी मंजूर झालेली रक्कम हिशेबात धरली जाते.

खरी लढाई प्रतिज्ञापत्राची

नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. त्याचे नमुनेही ठरवून दिले. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, आणि आपल्याकडे बरेच जण चुकून नोकरदाराचाच भरतात. शेतीच्या नमुन्यात जमीन बागायत की जिरायत, पिके कोणती, जनावरे किती, जमिनीवर काढलेले कर्ज किती, असे सगळे येते.

स्वभाव, संशय, सासूचे टोमणे यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. रकमेवर त्यांचा परिणाम फार थोडा. आकडा हलतो तो कागदाने.

नोकरदाराचे सोपे असते. समजा पगारपत्रकावर एकूण ५२,०००. भविष्य निर्वाह निधी ३,६०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता उरतात ४८,२००. त्याचे पंचवीस टक्के १२,०५०. आता त्याच पत्रकात पतसंस्थेचा हप्ता आणि विमा मिळून १४,००० कापलेले असतील, तर नवरा ३४,२०० दाखवतो आणि हिशेब ८,५५० वर येतो. स्वतःहून घेतलेल्या कर्जाच्या आणि बचतीच्या कपाती न्यायालय सहसा वजा धरत नाही. दावा लागल्यावर काढलेले कर्ज तर लगेच नजरेत भरते. त्यामुळे एक पगारपत्रक पुरत नाही. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे मागा.

शेतकरी नवरा म्हणतो, “सातबारा वडलांच्या नावावर आहे, मी नुसता राबतो.” मग पुढचे कागद काढायचे:

– ८अ चा उतारा आणि सातबाऱ्यावरची पीकपाहणी
– फेरफार, तारखांसह. भांडणानंतर हक्कसोड किंवा बक्षीसपत्र झाले असेल तर तारीखच बोलते
– ऊसबिल, दूधबिल जमा होते ते खाते
– हळद किंवा बेदाण्याची अडत्याकडची पट्टी
– विकास सोसायटीकडे पीककर्ज मागताना दाखवलेले क्षेत्र

यातला शेवटचा कागद फार उपयोगी. कोर्टात अर्धा एकर ऊस सांगणारा माणूस कर्ज घेताना मात्र तीन एकर लिहून आलेला असतो. कागद हाती येत नसतील, तर ते हजर करण्याचा हुकूम न्यायालयाकडे मागता येतो. खोटे प्रतिज्ञापत्र हा वेगळा गुन्हा आहे.

मग वजाबाकी-बेरीज

लग्नात राहणीमान कसे होते, संसार किती वर्षांचा, मुले कोणाकडे, दोघांचे वय आणि तब्येत, नवऱ्यावर आई-वडील अवलंबून आहेत का, हे सगळे पाहिले जाते. पत्नी शिकलेली आहे म्हणून खावटी नाकारत नाहीत. कमावू शकणे वेगळे आणि कमावणे वेगळे. पण ती खरोखर नोकरी करत असेल तर तो पगार मोजला जातो. तो लपवला तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. मुलांचा खर्च वेगळा मागा: फी, रिक्षा, औषधपाणी, पावत्यांसकट.

एकरकमी तडजोड करताना घाई नको. ‘पाच लाख घेऊन मिटवा’ म्हणणाऱ्याला विचारा, दरमहा ८,००० धरले तर किती वर्षांचे झाले? सव्वापाच वर्षांचेही पुरते नाहीत. गावात बसून पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेतात, त्यात ‘पुढे खावटी मागणार नाही’ असेही लिहितात. तशी रूढी सिद्ध झाल्याखेरीज हिंदू विवाह त्या कागदाने मोडत नाही. परस्पर संमतीचा अर्ज न्यायालयात करा, आणि देणाऱ्याने अंतिम हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवावा.

हुकूम झाल्यावर

तात्पुरत्या खावटीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटिशीचा पत्ताच चुकलेला असतो आणि तारखा पडत राहतात. मात्र खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे २०२० च्या त्याच निकालाने पक्के केले. ६,००० ची खावटी १४ महिन्यांनी मंजूर झाली, तर पहिल्याच दिवशी ८४,००० थकबाकी उभी राहते. नवऱ्याच्या वकिलाने हे आधी सांगायला हवे, अनेकदा सांगत नाहीत.

पगार घटला, आजारपण आले, महागाई वाढली, तर रक्कम कमी-जास्त करण्याचा अर्ज करता येतो. परस्पर देणे थांबवायचे नाही. हुकमाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे झाले, तर सातारा-सांगलीकरांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

पैसे थकले तर वसुली अर्ज. कलम १४४ खाली वॉरंट निघते, आणि त्यानंतरही भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत हवा, म्हणून बारा महिने उलटू देऊ नका. खावटीच्या दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचा दोन तृतीयांशापर्यंत भाग जप्त होऊ शकतो. जवानाच्या पगारावर अशी जप्ती येत नाही. तिथे पत्नीने त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा, सेनेच्या कायद्यात पगारातून कपातीची सोय आहे.

आणि देणाऱ्याने रोख देऊ नये. एसटी स्टँडवर मेहुण्याच्या हातात दिलेले ६,००० कोर्टात सिद्ध करता येत नाहीत. खात्यावर भरा, शेऱ्यात महिना लिहा.