आलेप्पीची वळ्ळमकळी बघायला मुंबईहून निघताय? या चुका टाळा

केरळातल्या आलेप्पीत (आलप्पुळा), पुन्नमडा कायलात म्हणजे तिथल्या सरोवरात, नेहरू ट्रॉफीची वळ्ळमकळी म्हणजे बोटींची शर्यत होते. त्यातली चुंडन वळ्ळमची, म्हणजे लांबलचक सर्पाकार बोटींची, एक शर्यत साडेचार मिनिटांच्या आसपास आटोपते. कुर्ल्याहून नेत्रावतीने एक दिवसाहून जास्त प्रवास करायचा, मुक्कामाला खर्च करायचा आणि समोरून बोट जाताना जेमतेम मिनिटभर दिसणार. त्यामुळे परतल्यावर "एवढ्यासाठी गेलो होतो का?" हा सूर दादरपासून डोंबिवलीपर्यंत बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो. मला या लोकांबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण नेहरू ट्रॉफीसारखा दिवस आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो. तो हातचा जातो तो काही ठरावीक चुकांमुळे, आणि त्यातल्या बहुतेक चुका मुंबईतच, तिकीट काढताना होतात.

"ऑगस्टचा दुसरा शनिवार" पाठ करून ठेवणं

वर्षानुवर्षं शर्यत त्याच दिवशी व्हायची, म्हणून जुन्या लेखांत आणि टूरवाल्यांच्या पत्रकांत अजूनही तेच छापलेलं असतं. गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा. 2018 च्या महापुरामुळे शर्यत 10 नोव्हेंबरला गेली. 2019 मध्ये पुन्हा पाऊस, तेव्हा 31 ऑगस्ट. 2020 आणि 2021 ला कोरोनामुळे झालीच नाही. 2022 ला 4 सप्टेंबर. 2024 मध्ये वायनाडला दरडी कोसळून शेकडो माणसं गेली, शर्यत पुढे ढकलून 28 सप्टेंबरला घेतली. 2025 ला ती ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, 30 तारखेला झाली.

म्हणजे त्या वर्षीची तारीख अधिकृतपणे जाहीर झाल्याशिवाय विमानाचं स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. नेहरू ट्रॉफी बोट रेस सोसायटीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे सरकारी घोषणा हीच खरी. त्यातून रेल्वेने जाणार असाल तर आणखी एक पेच आहे: हेच दिवस गणपतीच्या आगेमागे येतात. कोकण रेल्वेवर चाकरमान्यांची झुंबड असते, आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता प्रतीक्षा यादी लागते. शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं. गाड्या सावकाश धावतात, वेळा बदललेल्या असतात. शनिवारच्या शर्यतीसाठी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचणारी गाडी धरू नका, गुरुवारीच पोहोचा.

तिकीट काढल्यावर तारीख बदलली तर? सुट्टी हलवता येत नसेल, तरी प्रवास रद्द करायची घाई करू नका. त्याचं कारण पुढे येतंच.

कोणाच्या बाजूने बसायचं हे न ठरवता जाणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. डिसेंबर 1952 मध्ये पंडित नेहरू आलेप्पीला आले, त्यांच्यासाठी चुंडन वळ्ळमची शर्यत ठेवली आणि ती संपताच ते उत्साहाने जिंकलेल्या नडुभागम बोटीवर चढले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी लाकडी बैठकीवर बसवलेली चांदीची बोट पाठवली. त्या चषकावरच्या मजकुरात त्यांनी या शर्यतीला तिथल्या सामूहिक जीवनाचं वैशिष्ट्य म्हटलं आहे. आजही तेच चालू आहे. गावं एकमेकांशी झुंजतात, आपण पाहुणे म्हणून काठावर बसतो. पाहुण्याने निदान कोण कोणाचं आहे एवढं विचारून घ्यावं.

आणि हे जरा समजून घ्यावं लागतं, कारण बोट एका गावाची असते आणि ती वल्हवणारा क्लब दुसराच असतो. कारिचाल, पायिप्पाड, वीयपुरम, चंपक्कुळम ही बोटींची नावं गावांवरून पडलेली आहेत. पळ्ळातुरुत्ती बोट क्लब, कैनकरीचा व्हिलेज बोट क्लब, कुमरकम टाऊन बोट क्लब हे वल्हवणारे. क्लब दरवर्षी वेगळी बोट घेऊ शकतो. पळ्ळातुरुत्तीने 2018 ला पायिप्पाड, 2019 ला नडुभागम, 2022 ला महादेविकाड काट्टिल तेक्केतिल, 2023 ला वीयपुरम आणि 2024 ला कारिचाल अशा पाच वेगळ्या बोटींवर लागोपाठ पाच शर्यती जिंकल्या. 2024 चा निकाल तर ऐकूनच अंगावर काटा येतो: कारिचाल 4 मिनिटं 29.785 सेकंद, वीयपुरम 4 मिनिटं 29.790 सेकंद. शंभर फुटांहून लांब दोन बोटी, प्रत्येकीवर शंभरेक माणसं, आणि फरक सेकंदाच्या हजारातल्या पाच भागांचा. 2025 ला वीयपुरम बोटच ट्रॉफी घेऊन गेली, पण तेव्हा तिच्यावर पळ्ळातुरुत्तीचे नाही, कैनकरीच्या व्हिलेज बोट क्लबचे लोक होते.

एवढं माहीत असलं की समोरून जाणाऱ्या बोटीकडे बघायची नजर बदलते. मग लॉजच्या मालकाला, रिक्षावाल्याला, चहावाल्याला "तुमची बोट कुठली?" एवढंच विचारा. हिंदी येत नसली तरी उत्तर येईल, आणि तास-दीड तास येईल. त्यांची बोट ती तुमची बोट.

थेट फायनलला पोहोचणं

"फायनल चार-पाच वाजता, आपण तीनला जाऊ" असं म्हणणाऱ्यांची गाडी गावाबाहेरच अडते. शर्यतीच्या दिवशी आलेप्पीत रस्ते बंद होतात, पार्किंग लांब ढकलतात आणि पाण्यातली नेहमीची वाहतूकही थांबवतात. कोचीत मुक्काम ठेवून 55 किलोमीटर सकाळी गाडीने येऊ, हा बेत याच कारणाने फसतो. मुक्काम आलेप्पीतच हवा, आणि तोही कायलाच्या बाजूला. रेल्वे स्टेशन समुद्राकडे आहे, पुन्नमडा गावाच्या दुसऱ्या टोकाला.

शिवाय बोटी फायनलला पोहोचण्याची रीतच अशी आहे की हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, चुकवल्या तर काही कळत नाही. हीट जिंकलेली बोट फायनलला जाईलच असं नाही. सगळ्या हीट्समधल्या सर्वोत्तम चार वेळा निवडल्या जातात. त्यामुळे प्रत्येक हीटनंतर गॅलरीत नुसता हिशेब चालू असतो. सकाळी छोट्या बोटी असतात: चुरुळन, इरुट्टुकुत्ती, वेप्पु, आणि बायका वल्हवतात त्या तेक्कनोडी. तेक्कनोडी चुकवू नका, काठावरचा आरडाओरडा तेव्हा काही कमी नसतो. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, मागच्याला दिसलं पाहिजे. गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आत शिरण्यापूर्वीच ठरवा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर स्वस्त उघड्या जागेपेक्षा नेहरू पॅव्हेलियनच्या बाजूची महागडी तिकिटं परवडतात. शेवटची रेषा तिथेच आहे आणि बसायलाही नीट मिळतं.

हाऊसबोटीच्या भुलावणीला बळी पडणं

"सर, डेकवरून रेस दिसेल" असं फोनवर सांगितलं जातं. त्या दिवशी हाऊसबोट कुठे उभी राहील हे प्रशासन ठरवतं, आणि सकाळी ठरलेल्या वेळेनंतर ती हलत नाही. बोटवाला परवानगीचा कागद आणि उभं राहण्याची जागा लेखी दाखवत असेल तरच पैसे भरा, नाहीतर हाऊसबोट रविवारी घ्या आणि शनिवारी गॅलरीत बसा.

पूर्ण वेळ मोबाइल धरून बसणं

फोनच्या चौकटीत शंभर फुटी बोट मावत नाही आणि आवाज तर मुळीच येत नाही. पहिली हीट तरी फोन खिशात ठेवून बघा. मधल्या फळीवर उभी असलेली माणसं जाड लाकडी दांड्याने खाली ठोका देतात, ठोक्यागणिक शंभर वल्ही एकदम पाण्यात जातात आणि एकदम वर येतात. उडालेल्या पाण्यामागे वल्हवणारे क्षणभर दिसेनासे होतात. मागे वीसेक फूट उंच उचललेल्या टोकाशी सुकाणूवाले लांब वल्ही रेटत उभे असतात. कोळीवाड्यात होडीला तेल पाजताना ज्यांनी पाहिलंय त्यांनी बोटीचा बाहेरचा अंगही बघावा. आंजिलीच्या लाकडाला माशाचं तेल देऊन ते इतकं गुळगुळीत केलेलं असतं की ओलं नसतानाही चमकतं.

अरन्मुळाला गेल्यावर आलेप्पीसारखं वागणं

तारखा जुळल्या म्हणून बरेच जण पंपा नदीवरची अरन्मुळाची उत्रट्टाती वळ्ळमकळीही गाठतात. जरूर गाठा, पण तिथला भाव वेगळा आहे. तिथल्या बोटी म्हणजे पळ्ळियोडम, पार्थसारथी देवाच्या. त्यांच्यावर चप्पल घालून चढत नाहीत, आणि बाई चढत नाही हा तिथला रिवाज आहे. 2021 मध्ये एका फोटोशूटसाठी पादत्राणं घालून पळ्ळियोडमवर चढल्याबद्दल पोलिसांत तक्रार झाली होती. रिवाज पटो न पटो, त्यांच्या देवाच्या दारात वाद घालायला आपण गेलेलो नसतो. तिथे वेगापेक्षा गाण्याला आणि एका लयीला मान आहे. देवळात वळ्ळसद्या, म्हणजे बोटवाल्यांची पंगत, असेल तर वल्हवणारे पंगतीत बसून गाण्यातूनच पदार्थ मागतात, आणि मागितलेला पदार्थ पानात पडतो. साठांहून जास्त पदार्थ असतात. मात्र ही पंगत भक्ताने नवस म्हणून घातलेली असते, पासाशिवाय सरळ जाऊन बसू नका.

तिकीटच मिळालं नाही, किंवा तारीख हुकली तर

मग सरावाला जा. शर्यतीआधीचे काही आठवडे क्लब पुन्नमडा, कैनकरी, पळ्ळातुरुत्ती भागात पाण्यात उतरतात, काठावर उभं राहून बघायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे दहीहंडीआधी गोविंदा पथकांचा रात्रीचा सराव बघायला गल्ली जमते, तसंच गाव जमतं. माझी पसंती खरं तर यालाच आहे: बोट थांबते, परत फिरते, तोच टप्पा पुन्हा वल्हवला जातो, आणि शर्यतीच्या दिवशी मिनिटभर दिसणारं तासभर बघता येतं. जूनअखेर किंवा जुलैत सुट्टी असेल तर मल्याळी पंचांगातल्या मिथुनम महिन्यात मूलम नक्षत्राला होणारी चंपक्कुळमची शर्यत बघा, गर्दी नेहरू ट्रॉफीपेक्षा कमी असते. पावसाळा संपल्यावर जाणार असाल तर 2019 पासून चालू झालेल्या चॅम्पियन्स बोट लीगचं त्या वर्षीचं वेळापत्रक शोधा. तीच चुंडन, तेच क्लब, आणि शर्यती वेगवेगळ्या गावांत. तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं आणि परतीचं आरक्षणही सोपं जातं.