राधानगरीला सायकलवर, एकट्यानं, एका मुक्कामाचं

एकट्यानं सायकलवर राधानगरीला मुक्कामी जातोय म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो तो गव्याचा. गवा शिवारात उतरतो, हे खरं आहे. पण या रस्त्यावर धास्ती घ्यायची तर ती उसाच्या ट्रॅक्टरची. गळीत हंगाम सुरू झाला की एकामागं दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतात. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं दिवा असेलच असं नाही आणि ड्रायव्हरच्या कानात गाण्याचा दणका. म्हणून या सहलीचा एकच नियम पक्का धरा: अंधारात सायकल चालवायची नाही. बाकीचं नियोजन त्याभोवती बसवायचं.

आधी रात्रीची सोय लावा

कोल्हापूर ते राधानगरी साधारण ५०-५५ किलोमीटर. सामानासह, चहा-पाण्याला थांबत गेलात तरी पाच तासांत पोचता. अवघड असते ती रात्र, म्हणून मुक्कामाचं ठरल्याशिवाय घर सोडू नका.

तळ्याकाठी कुठंही तंबू ठोकू, हा विचार इथं चालत नाही. राधानगरीचा लक्ष्मी तलाव, म्हणजे धरणाचा जलाशय, जंगलाला लागून आहे. दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, रात्री तर नाहीच. धरणाच्या भिंतीजवळही मुक्काम नको. पाणी ओसरल्यावर काठाला जो गाळ उघडा पडतो, तो वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. पोहायचा मोहही टाळा, एकटे असताना तर नक्कीच.

पहिल्या खेपेला राधानगरी किंवा आसपासच्या गावात घरगुती निवास किंवा लॉज फोन करून ठरवा. तंबूची हौस असेल तर ओळखीतून कुणाचं अंगण नाहीतर खळं मिळवा. बाई एकटी जाणार असेल तर ओळखीचं घर किंवा आधी बोलून ठेवलेली जागा सोडून दुसरा विचार नको. गावात दिवसाउजेडी पोचून विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. "एकलाच आलायसा व्हय? आनि सायकलवर?" एवढी चौकशी मात्र होणार. तिची उत्तरं नीट द्या. रात्री कोण कुठं झोपलंय हे गावाला माहीत असणं तुमच्याच फायद्याचं असतं.

सामान

महागड्या बॅगांवाचून काही अडत नाही. मागं साधा कॅरिअर बसवा आणि कपडे, अंथरूण जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावर आडवं टाका. बांधायला पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागून घ्या. तिच्या दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापायच्या, ताणून दोन वेढे द्यायचे आणि टोक वेढ्याखाली खुपसायचं. दोरी खड्ड्यागणिक सैल होते, रबर होत नाही. मात्र लोंबणारं टोक ठेवू नका, चाकात गेलं की संपलं. पाठीवर सॅक नको. तासाभरात खांदे भरून येतात.

अवजारांत हवेचा पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर काढायचे लिव्हर आणि ॲलन की. पंक्चर काढायचा सराव घरी करा, कारण वाटेतले दुकानदार मोटरसायकलवर तयार झालेले असतात. पुढं-मागं दिवे दिवसाही चालू ठेवा. पाणी दोन-तीन लिटर. स्टोव्ह पहिल्यांदा नकोच: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि उकडलेली अंडी बास होतात. शेकोटीही नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको. हिवाळ्यात स्वेटर आणि कानटोपी घ्या. पाण्याजवळ पहाटे दंव पडतं आणि तंबू आतूनही ओला होतो, त्यामुळं झोपताना त्याची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा.

सामान बांधून आदल्या रविवारी कोल्हापुरातच रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारा, मग कात्यायनीचा चढ चढून या. जे खडखडायचं ते तिथंच खडखडेल.

जाण्याचा दिवस

डिसेंबर-जानेवारी उत्तम. उजाडायच्या बेतानं तयार राहा आणि दिसायला लागलं की निघा. मिसळ खाऊन निघायचा मोह होईल, पण ती परतीसाठी ठेवा. तर्री पोटात घेऊन पुईखडी चढणं सुखाचं नाही. तो चढ संपला की हळदी गावापर्यंत पाय मोकळे होतात.

भोगावती नदीच्या खोऱ्यात दोन्ही हातांना ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. एखाद्या गुऱ्हाळावर थांबाच. काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी गुळव्या झाऱ्यानं काढत असतो, आणि विचारलंत तर वाटीभर काकवी मिळते. भाकरीबरोबर ती खाल्ली की एनर्जी जेलच्या पुड्यांचं नाव काढणार नाही.

मागून ट्रॅक्टर आला तर त्याच्याशी शर्यत लावू नका. रस्त्याच्या कडेला उतरा आणि पुढं जाऊ द्या. आणि एक ट्रॉली गेली म्हणून लगेच रस्त्यावर येऊ नका, मागं दुसरी असते. कुत्री अंगावर आली तर सायकलवरून उतरून ती मध्ये धरा आणि चालत राहा. पळालात की तीही पळतात.

निघताना घरी एकाला मार्ग, मुक्कामाच्या घराचा फोन आणि पोचण्याची वेळ लिहून पाठवा. रेंज जाते, त्यामुळं "फोन लागला नाही तरी अमुक वाजेपर्यंत घाबरू नका" हेही ठरवून ठेवा. अडचणीला ११२, जंगली जनावराबाबत वनखात्याचा १९२६. सायकल पारच मोडली तर कोल्हापूरकडं येणारा टेम्पो थांबवा.

दुपारी पोचल्यावर सामान खोलीत टाकून धरण बघून या. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे काम त्यांच्या हयातीनंतर बऱ्याच वर्षांनी पुरं झालं. गावाला नाव मिळालं ते त्यांच्या कन्या राधाबाईंवरून. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात "राधानगरीचा दरवाजा उघडला" ही बातमी आली की पंचगंगेकाठचं गाव कान टवकारतं, ते याच दरवाजांमुळं. हिवाळ्यात तिथं शांतता असते. संध्याकाळी सूर्य कलायच्या आत मुक्कामी परता.

परतीचं

सकाळी धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा, भले नऊ वाजोत. धुक्यात उसाचे ट्रॅक्टर अजिबात दिसत नाहीत. मिसळ ठेवली होती ती आता कुठंही खा.

घरी आल्यावर तंबू आधी गच्चीत पसरून वाळवा, नाहीतर दोन दिवसांत कुबट वास धरतो. चेनवरची धूळ रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पूर्ण कोरडी झाल्यावर तेलाचे थेंब सोडा आणि जादाचं तेल पुसून काढा.