कन्सील्ड डायव्हर्टर भिंतीत खोल गेलाय? टाइल न फोडता बसवला – माझा अनुभव

नाशिकला सिडकोतल्या घराचं बाथरूम नवं केलं. टाइल लागल्यावर कळलं की शॉवरच्या सिंगल लिव्हर डायव्हर्टरचं (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत गाडलेला वॉल्व्ह) हँडल स्पिंडलपर्यंत, म्हणजे ते ज्या दांड्यावर बसतं तिथपर्यंत, पोचतच नाही. प्लंबरने बॉडी, म्हणजे वॉल्व्हचा भिंतीतला भाग, प्लास्टरच्या मापाने बसवली होती. वर चढणारा मसाला आणि टाइल धरलीच नव्हती. बॉडीवरच्या प्लास्टिक टोपीवर कमी-जास्त खोलीच्या खुणा असतात, त्या बघायला कुणाला वेळ?

लांब स्क्रू लावून पाहिला, हँडल लटपटलं. भोक झाकणारी प्लेट सिलिकॉनने चिकटवली, आठवड्यात निघाली. 'टाइल फोडा' ऐकून डोकंच फिरलं.

शेवटी त्याच मॉडेलचं एक्स्टेन्शन किट (स्पिंडल लांब करणारा जोड आणि त्याची लांब स्लीव्ह, म्हणजे वरची नळी) रविवार कारंजावरून आणलं. जुनं हँडल सोबत न्या; दुसऱ्या कंपनीचे आटे सहसा जुळत नाहीत.

आधी गिझर बंद केला, मग गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह, आणि बेसिनचा नळ सोडून लाइन रिकामी केली. खोली मोजली: टोपीवरची खूण टाइलच्या २२ मिमी आत, म्हणून २५ मिमीचं किट. स्पिंडलवर एक्स्टेन्शन स्क्रूने कसलं. इथे टेफ्लॉन टेप लागत नाही, यातून पाणी जात नाही.

प्लेट लावण्याआधी पाणी सोडून पंधरा मिनिटं बॉडीभोवती टिश्यू धरला. कोरडा निघाला. मग लांब स्लीव्ह, प्लेट, शेवटी हँडल. सिलिकॉन वर आणि बाजूंनाच भरलं, खालची फट मोकळी ठेवली; उद्या आत गळलं तर तिथून दिसेल.