ओईटी स्पीकिंग: मिरजेच्या वॉर्डात राहून केलेली तयारी

मिरजेत नर्सिंगची नोकरी करणाऱ्यांत इंग्लंड-आयर्लंडचा विषय रात्रपाळीच्या चहाबरोबर निघतोच. ओळखीची कुणीतरी आधी गेलेली असते, तिचे फोटो फिरत असतात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: आयईएलटीएस देऊ, म्हणजे सगळ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, की ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची? इंग्लंडमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीला दोन्ही चालतात. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. ओईटीत त्या तिन्हींना बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे किमान ३००. ओईटीची फी बरीच जास्त आहे. तरी बोलायची धास्ती असलेल्या सिस्टरला मी ओईटीच सुचवते.

आयईएलटीएस स्पीकिंगच्या ११ ते १४ मिनिटांत एक कार्ड हातात येतं. कधी लहानपणीची भेटवस्तू, कधी आवडती जागा. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत एकटीनं बोलत राहायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणी मराठीतसुद्धा अशा विषयावर दोन मिनिटं सलग बोललेल्या नसतात! ओईटीत मात्र समोर पेशंट असतो, आणि पेशंटशी आपण रोज बोलतो.

ओईटीची स्पीकिंग परीक्षा साधारण २० मिनिटांची. सुरुवातीला तुमच्या कामाबद्दल थोड्या गप्पा होतात, त्यांना मार्क नाहीत. मग दोन रोल प्ले, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे, आणि प्रत्येकाआधी प्रसंगाचं कार्ड वाचायला ३ मिनिटं. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते, पण मार्क ती देत नाही. रेकॉर्डिंग दुसरे परीक्षक ऐकतात. म्हणून तिचा चेहरा वाचत बसू नका. ती पेशंट म्हणून चिडली तरी तिच्या कार्डावर तसंच लिहिलेलं असतं.

मार्कांची विभागणी बघितली की तयारी कशाची करायची ते कळतं. भाषेचे चार निकष: उच्चार समजतो का, बोलणं ओघवतं आहे का, पेशंटला साजेल अशी भाषा आहे का, व्याकरण आणि शब्दसाठा कसा आहे. प्रत्येकी ६ पर्यंत गुण. त्याशिवाय पाच निकष पेशंटशी वागण्याचे, प्रत्येकी ३ पर्यंत: नातं जोडणं, त्याची बाजू समजून घेणं, बोलण्यात क्रम ठेवणं, माहिती काढणं, माहिती देणं. नर्सिंगचं ज्ञान इथे तपासत नाहीत, त्यामुळे डोस आठवला नाही म्हणून घाम फुटायचं कारण नाही.

‘पेशंटची बाजू’ इथेच बहुतेक जणी घसरतात. समजा, कार्डावर इन्सुलिन नको म्हणणारा डायबेटिसचा पेशंट आहे. आपण लगेच इन्सुलिनचे फायदे सांगत सुटतो. आता हाच पेशंट जतहून पायाला जखम घेऊन आलेला शेतकरी आहे असं समजा. वॉर्डात आपण काय म्हणतो? ‘काका, सुईची भीती वाटते का? का घरचे नको म्हणतात?’ आधी कारण, मग सल्ला. इंग्रजीत तेच करायचं: ‘कॅन यू टेल मी व्हॉट वरीज यू अबाउट इन्सुलिन?’ आणि मग गप्प बसून ऐकायचं. उत्तरात तो म्हणाला की वडिलांना इन्सुलिन सुरू झालं आणि ते वर्षभरात गेले, तर तुमचं पुढचं वाक्य त्या वडिलांबद्दलच असायला हवं.

क्लासमध्ये पाठ करून घेतलेली वाक्यं इथे उघडी पडतात. ‘आय अॅम सॉरी टू हिअर दॅट’ हे वाक्य चांगलंच आहे, पण पेशंट म्हणाला की मुलगी सोबत आली आहे, तरी सॉरी? असं मी प्रत्यक्ष सरावात ऐकलं आहे.

दुसरी अडचण हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देण्याच्या, भाषेची. ‘एनबीएम ठेवलंय, आयव्ही चालू, व्हायटल्स स्टेबल’ असं दिवसभर बोलून जीभ तशीच वळते. ओईटीत हे शब्द पेशंटसमोर टाकले की मार्क जातात. ‘ऑपरेशनच्या आधी काही खायचं-प्यायचं नाही’ एवढं साध्या इंग्रजीत यायला हवं. त्यासाठी सरावाला नर्स नको. मी विश्रामबागेत बारावीत शिकणाऱ्या मावसभावाला पेशंट केलं. त्याला न कळणारा शब्द आला की तो तिथेच अडवायचा, ‘ताई, म्हणजे काय?’ मैत्रिणी असं कधीच विचारत नाहीत, त्यांना सगळं कळलेलं असतं. त्याला हट्टीपणा करायला सांगितलं होतं. ते त्याला शिकवावं लागलं नाही.

मिरजेचा एक फायदा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पेशंट लांबून येतात. अथणी, विजापूरकडचे कन्नड बोलणारे पेशंट आपल्याकडे रोज असतात. मोडक्या कन्नडमध्ये, छोट्या वाक्यांत सांगायचं, मग ‘आता तुम्ही मला सांगा, गोळी कधी घेणार?’ असं विचारून खात्री करायची, ही सवय आपल्याला आहेच. माहिती तुकड्यातुकड्यानं देऊन समजली का ते तपासण्याला ओईटीत गुण मिळतात.

उच्चारात ब्रिटिश ढब आणायच्या फंदात पडू नका, समजलं की पुरे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, ‘झेड’ आणि ‘जे’ वेगळे ऐकू येऊ द्या आणि वेग कमी करा. मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकलं की कुठे शब्द गिळले ते कळतं.

कार्ड वाचण्याच्या ३ मिनिटांत अख्खी वाक्यं जुळवत बसू नका. कार्डावरची कामाची क्रियापदं बघा: विचारा, समजवा, धीर द्या, सल्ला द्या. पहिलं वाक्य ठरवा आणि पेशंटला कशाची भीती असेल याचा अंदाज बांधा. कार्डावरचा एखादा शब्द कळला नाही तर याच वेळात विचारून घ्या, त्याची मुभा असते. पहिला रोल प्ले बिघडला तरी दुसऱ्या कार्डावर नवा पेशंट असतो, त्याला आधीचं काही माहीत नसतं.