परदेशातून गोधडीचं कापड मागवताना आधी वजन बघा

जपानच्या एका दुकानातून पहिल्यांदा कापड मागवलं तेव्हा संख्येच्या चौकटीत मी ३ लिहिलं. गडद निळीतलं, पांढऱ्या ठिपक्यांचं सुती कापड होतं. माझ्या मनातला हिशेब तीन मीटरचा. अडीच आठवड्यांनी पोस्टमनकाकांनी जे पाकीट हातात दिलं ते लग्नपत्रिकेपेक्षा थोडंच जाड होतं. आत ३० सेंटीमीटरची पट्टी. जपानी दुकानं बहुतेक वेळा कापड १० सेंटीमीटरच्या मापाने विकतात. १ म्हणजे १० सेंटीमीटर. त्यांनी तसं लिहिलेलंही होतं, मी वाचलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही: किंमत बघायच्या आधी ती किंमत किती कापडाची आहे ते शोधा. अमेरिकेतली दुकानं यार्डावर विकतात, पण बऱ्याच ठिकाणी १ चा अर्थ अर्धा यार्ड असतो. ब्रिटनमध्ये अर्धा किंवा पाव मीटर. यार्डाला घाबरू नका, तो आपला वारच आहे, नऊवारीतला. ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटीमीटरच्या थोडं वर. पन्हाही बघा. गोधडीच्या कापडाचा अमेरिकन पन्हा ४२ ते ४४ इंच असतो. जपानचं युकाताचं, म्हणजे हलक्या सुती किमोनोचं कापड मात्र जेमतेम ३६-३८ सेंटीमीटर पन्ह्याचं. सुंदर असतं, पण चार मीटर घेतलं म्हणून पलंगभर पुरेल असं समजू नका.

फॅट क्वार्टर म्हणजे पाव यार्ड, पण लांबट पट्टी नव्हे. अर्धा यार्ड उभा मधोमध कापून केलेला १८ बाय २२ इंचांचा तुकडा. ब्रिटिश फॅट क्वार्टर मीटरमधून कापतात, त्यामुळे तो किंचित मोठा भरतो. आधीच कापून बांधलेले गठ्ठेही मिळतात: अडीच इंची ४० पट्ट्यांचा जेली रोल, ५ इंची चौकोनांचा चार्म पॅक, १० इंची चौकोनांचा लेयर केक. जेली रोल दिसायला भरगच्च, पण हिशेब केला तर पावणेतीन वार कापड. शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच जातं, म्हणजे अडीच इंचाची पट्टी गोधडीवर दोन इंचच दिसते. हे गठ्ठे धुवू नका, कडांची दशी निघून मापं बिघडतात.

आता वजन. मी साताऱ्यात बसून गेली नऊ वर्षं मागवते आहे आणि अनुभवातून सांगते, परदेशी कापड महाग पडतं ते वजनामुळे. गोधडीचं चांगलं सुती कापड वाराला साधारण १५० ग्रॅम भरतं. दोन वार ३०० ग्रॅम, सात वारांना किलो ओलांडला. पार्सलचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. एका फॅट क्वार्टरने टप्पा ओलांडला तर त्या तुकड्याचं भाडं तुकड्याहून जास्त होतं. मी पैसे भरण्याआधी वहीत हिशेब मांडते. मागच्या वेळचाच सांगते: तीन वार कापड ३८ डॉलर, भाडं २७ डॉलर, एकूण ६५. म्हणजे कस्टम्स लागायच्या आधीच वाराला साडेएकवीस डॉलरच्या वर. तो आकडा बघूनही कापड हवंसं वाटलं तरच घ्यायचं. मी घेतलं, कारण त्या प्रकारची बारीक फुलांची छपाई मला इथे कुठेच मिळाली नव्हती.

याच हिशेबाने काय मागवू नये तेही ठरतं. गोधडीची मागची बाजू परदेशी कापडाची कधीच करू नका. साठ बाय ऐंशी इंचांच्या गोधडीला मागे पाच वार लागतात, पाऊण किलो वजन, आणि तिथे घरातली मऊ झालेली सुती साडी जितकी छान बसते तितकं दुसरं काही बसत नाही. मधलं भरणही इथलंच घ्या. भरण हलकं असलं तरी जागा खातं, आणि कुरियरवाले जागेचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येईल तितके किलो. सहा बाय चोवीस इंचांची ॲक्रिलिकची मोजपट्टी हातात घेतली तर हलकी, पण ६५ बाय २० बाय ५ च्या खोक्यात आली की १.३ किलोचे पैसे. कापायची मोठी मॅटही तशीच. गुंडाळून पाठवली तर पुन्हा सपाट होणं कठीण. आणि कापडाचे थर चिकटवायचा फवारा तर विसराच. तो ज्वालाग्राही, विमानाने येत नाही.

मग मागवायचं काय? सुया. अगदी डोळे झाकून सुया. हाताने धावदोरा घालणाऱ्यांसाठी 'बिटवीन' नावाच्या आखूड सुया असतात, त्यांचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक आणि तोकडी. मी ८ ने सुरुवात केली, आता १० वापरते. आखूड सुईने टाका लहान येतो, कारण सुई कापडातून जरा बाहेर आली की लगेच परत आत वळवता येते. वजन जवळपास शून्य. गोल पात्याचा कटर हा जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये काढला. ४५ मिलिमीटरचं पातं सगळ्यांत सोयीचं, आणि सुटी पाती मागवायलाही परवडतात. दोऱ्यात इटलीचा ऑरिफिल. ५० नंबरच्या मोठ्या रिळात १३०० मीटर सुती दोरा असतो, मशीनमध्ये फारसा कचरा सोडत नाही. दोऱ्याचा आकडाही सुईसारखाच उलटा, मोठा म्हणजे बारीक. सशिकोच्या, म्हणजे जपानी धावदोऱ्याच्या भरतकामाच्या लडी मी आवर्जून घेते, कारण तो जाड, पीळ कमी असलेला दोरा आपल्या धावदोऱ्याला शोभतो.

मशीनचा पाव इंची फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, घेताना आपल्या मशीनची शँक (तो पाय बसवायची दांडी) उंच आहे की बुटकी ते मोजून घ्या. आणि विजेवर चालणारं काही अमेरिका-जपानमधून नको. तिथला दाब १२० आणि १०० व्होल्ट, आपला २३०.

पैशाचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि मर्यादा घाला. काम झालं की बंद करा. बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, तो वहीत धरा. ब्रिटन आणि युरोपातल्या किमतीत तिथला व्हॅट धरलेला असतो; भारतात पाठवताना काही दुकानं तो वजा करतात, काही करत नाहीत. आधी ईमेल करून विचारा. मला एकदा या एका प्रश्नाने सहावा हिस्सा कमी झाला.

कस्टम्स कापडाच्या किमतीवर नाही, कापड अधिक भाडं अधिक विमा अशा बेरजेवर लागते. भाडं वाढलं की करही वाढतो, इथेही वजनच आलं. दर अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. कुरियर कंपनी कर भरून आपलं वेगळं शुल्कही लावते आणि आधार-पॅनची कागदपत्रं मागते. मेसेज आला की त्याच दिवशी द्या, पण मेसेजमधल्या लिंकवरून नव्हे, कंपनीच्या साइटवर स्वतः ट्रॅकिंग क्रमांक टाकून. टपालाने येणाऱ्या पार्सलचा क्रमांक १३ अक्षरांचा असतो, शेवटी जेपी किंवा यूएस अशी देशाची खूण. तोच आपल्या डाक विभागाच्या साइटवरही चालतो.

दुकानदाराला "गिफ्ट लिहा" म्हणून विनवू नका. भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडून. किंमत खोटी लिहिली तर पार्सल अडकतं, आणि हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच.

माझी भाची न्यू जर्सीला असते. वर्षातून एकदा येते, तेव्हा तिच्या पत्त्यावर मागवते, कारण तिथल्या तिथे भाडं अगदी कमी. पण तिला आधी विचारून. एकदा न विचारता भरणाचा गठ्ठा पाठवला, तर फोन आला, "मावशी, अगं, हे बॅगेत ठेवलं तर माझे कपडे कुठे ठेवू?" तेव्हापासून तिच्याकडे फक्त कापडाचे घडी घातलेले तुकडे आणि दोरे. कटरची पाती चेक-इन बॅगेत ठेवायची हे मी तिला दरवेळी फोनवर सांगते.

रंगाचं काय, असं आमच्या गटातल्या बायका नेहमी विचारतात. मोबाइलवर दिसतो तो रंग कधी खरा मानू नका. साध्या एकरंगी कापडासाठी 'कोना कॉटन' या कापडाच्या मालिकेचं रंगपत्रक एकदा घेऊन ठेवा. त्यात खऱ्या कापडाचे साडेतीनशेहून जास्त तुकडे चिकटवलेले असतात. 'स्नो' आणि 'व्हाइट' पडद्यावर सारखेच पांढरे, पण पत्रक खिडकीपाशी धरलं की स्नोमध्ये सायीची झाक दिसते. लागेल तेवढं एकदमच घ्या, दुसऱ्या खेपेला रंगाची छटा वेगळी येते. छापील कापडाची तर एक मालिका संपली की बहुतेक वेळा परत छापत नाहीत.

पार्सल आलं की खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा, लेबलपासून. मग टेप घेऊन मोजा. तक्रारीची मुदत बऱ्याच दुकानांत थोड्याच दिवसांची असते, तेव्हा "दिवाळीनंतर बघू" म्हणून कपाटात टाकू नका. काठावर कंपनीचं नाव, मालिकेचं नाव आणि वापरलेल्या रंगांचे गोल ठिपके छापलेले असतात. तो काठ कापून फेकण्याआधी फोटो काढा, पुढे तेच कापड शोधायला दुसरा धागा नसतो. लाल, निळं आणि गर्द जांभळं कापड असेल तर पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दाबा आणि गरम इस्त्री फिरवा. मांजरपाटावर रंग उतरला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका, आधी एकटं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.